हात दाखवून अवलक्षण

एकाच्या बोटातून रक्त आले की आसपासच्या दहाजणांच्या तोंडातून वैद्यक बाहेर पडते. रक्त पाहून घेरी येणारी माणसे मी पाहिली आहेत. पण रक्त पाहून गप्प बसलेला माणूस मी आजवर पाहिलेला नाही. ताप आला, पोट दुखले, तर लोक निदान 'डॉक्टरला दाखवा' एवढे तरी म्हणतात. पण कापले, ठेचले, खुपसले, की डॉक्टरचे नाव काढणे म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्यांचा अपमान. "एवढ्याशा कापण्याला डॉक्टर?" असा एक ठरलेला प्रश्न येतो. या प्रश्नातले 'एवढ्याशा' हे विशेषण कोणी मोजून लावलेले नसते. माझा या लेखातला सगळा वाद या एका शब्दाशी आहे.

आधी माझी पात्रता सांगतो. मी डॉक्टर नाही. मी बी.कॉम. आहे आणि कर्जतला एका बँकेच्या शाखेत कारकून आहे. कर्जत म्हटले की पाहुणे विचारतात, "लोकल किती वाजता?" ते कर्जत रायगड जिल्ह्यातले. आमचे कर्जत नगर जिल्ह्यातले, म्हणजे २०२४ पासून अहिल्यानगर जिल्ह्यातले. बोलण्यात मात्र अजून नगरच येते, त्याबद्दल सरकारने क्षमा करावी. आमच्याकडे लोकल नाही, रेल्वेच नाही. गोदड महाराजांचा रथ आहे, रेहेकुरीला काळवीट आहेत, सिद्धटेकचा गणपती आमच्याच तालुक्यात आहे, आणि पाऊस बहुधा शेजारच्या तालुक्यात आहे.

तरीही जखमेवर बोलण्याचा मला अधिकार आहे, तो दोन कारणांनी. पहिले कारण म्हणजे जखम माझी होती. दुसरे कारण असे की, गेली वीस वर्षे मी लोकांचे हात बघतो आहे. काउंटरच्या काचेखालच्या फटीतून आधी हात आत येतो; तोंड कोणाचे ते नंतर कळते. ज्योतिषी हाताच्या रेषा बघतो, मी हाताची बोटे बघतो. त्याला भविष्य कळते म्हणतात. मला भूतकाळ कळतो, आणि तो बराच खात्रीचा असतो.

घडले ते असे. दिवाळीच्या आधीचा रविवार होता. ओट्याखालचा ड्रॉवर अडकायला लागला होता. ही म्हणाली, "अहो, सुताराला बोलवा." सुताराने येऊन, ड्रॉवरकडे एकदा आणि माझ्याकडे दोनदा बघून, ३०० रुपये सांगितले. वाणिज्य शाखेत आम्हाला शिकवले आहे की टाळलेला खर्च म्हणजेच मिळवलेले उत्पन्न. सुतार जिना उतरायच्या आत मी ३०० रुपये मिळवले होते.

माळ्यावर वडिलांची हत्यारपेटी होती. तिच्यात हातोडी, करवत, रंधा आणि एक पटाशी. पटाशीवर गंज इतका होता की ती लोखंडाची आहे हे आठवणीनेच सांगावे लागत होते. पण टोकाला धार होती. ड्रॉवरची बाजू मी मांडीवर घेतली, डाव्या हाताने पुढून धरली आणि उजव्या हाताने पटाशी पुढे रेटली. जाणत्या वाचकाच्या अंगावर इथेच काटा आला असेल. लाकडात एक गाठ होती. पटाशी गाठीवर अडली, घसरली आणि लाकूड सोडून माझ्या तर्जनीच्या मुळाशी, तळव्याच्या बाजूने, आत गेली.

पुढे तोच सुतार भेटायला आला तेव्हा म्हणाला, "साहेब, एकच नेम असतो. धारेपुढं हात न्हाय." हे एक वाक्य ३०० रुपयांत मिळत होते. आणि वर ड्रॉवरही दुरुस्त होत होता.

जखम दिसायला खरोखरच लहान होती. फार तर एक सेंटिमीटर. पण रक्ताला आपला प्रचार कसा करावा हे चांगले कळते. फरशीवर चार थेंब, लुंगीवर आठ, आणि मी जोरात ओरडल्यामुळे दारात माणसे अकरा.

आत्या आमच्याकडेच असते. ती हळदीचा डबा घेऊनच बाहेर आली. समोरचे तात्या शेतावर निघाले होते, ते मोटारसायकल उभी करून आत आले आणि म्हणाले, "काय व्हत न्हाय त्याला. चुना लावा, दोन दिसांत खपली." शेजारच्या काकूंचे म्हणणे कॉफीची पूड. काकूंच्या जावेचे म्हणणे दंतमंजन. निवृत्त गुरुजींनी मला चौथीत शिकवले होते. त्यांनी मला त्याच आवाजात बस म्हटले आणि कुंपणाचा दगडी पाला आणायला एका मुलाला पिटाळले. पाला चोळून रस पिळायचा. तो मुलगा बाभळीखालचा, जिथे म्हशी बांधतात तिथला पाला घेऊन आला. कोणी चिंधी जाळायला घेतली. घरातला आमचा मुलगा आठवीत आहे. तो एकटाच कोपऱ्यातून म्हणत होता, "बाबा, नळाखाली धरा ना. शाळेत सांगितलंय, साबण लावून भरपूर पाण्यानं धुवायचं आणि स्वच्छ कापडानं दाबून धरायचं."

त्या अकरा जणांत बरोबर बोलणारा तो एकच होता. त्याला सर्वांनी गप्प केले. आत्या म्हणाली, "नळ दोन दिवसांनी येतो, पाणी काय वर आलंय?" पाण्याच्या बाबतीत आमच्या भागातल्या माणसाशी वाद घालता येत नाही. दुष्काळात वाढलेली बाई रक्त सांडलेले सोसते. पाणी सांडलेले नाही.

शेवटी हळद जिंकली. आत्याने चिमटीने नव्हे, चमच्याने ती जखमेत भरली आणि जुन्या धोतराच्या पट्टीने बोट असे आवळले की मला काही काळ तारे दिसले. पाच मिनिटांनी रक्त थांबले. माझ्या मते ते घाबरून थांबले. पण आत्याने सभेकडे विजयी मुद्रेने पाहिले.

इथे माझा पहिला आक्षेप. निरोगी माणसाचे लहान जखमेतले रक्त दाबून धरले की साधारण पाच-दहा मिनिटांत आपोआप गोठते. ती त्याची सवयच आहे. त्या दहा मिनिटांत जो जे टाकेल, त्याच्या नावावर श्रेय जमा होते. कॉफी टाका, कॉफीने थांबले. चुना टाका, चुन्याने थांबले. उद्या कोणी जखमेसमोर आमच्या बँकेचे परिपत्रक वाचून दाखवले तरी रक्त थांबेल, आणि मुख्य कार्यालय त्याचेही श्रेय घेईल. खरे काम केले ते धोतराच्या पट्टीने, म्हणजे दाबाने. पण दाबाला कोणी मान देत नाही, कारण दाब डब्यात मिळत नाही.

मी हळू आवाजात शंका काढली तेव्हा गुरुजी उभे राहिले. म्हणाले, "अरे, हळदीवर शंका? माशेलकरांनी अमेरिकेशी लढून हळद परत आणली, आणि तू कर्जतमध्ये बसून तिला नाकारतोस?" सभेत टाळी पडायचीच बाकी होती. वादात मोठे नाव आले की लहान माणसाने गप्प बसावे, तसा मी बसलो. पण रजेवर असताना मी हे प्रकरण नीट वाचून काढले. बँकेतल्या माणसाला मोठ्या नावापेक्षा कागद जास्त समजतो.

कागद असा आहे. जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर, या विषयावर अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला १९९५ साली पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे, म्हणजे आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे, महासंचालक होते. परिषदेने पेटंटला आव्हान दिले. हळद आमच्याकडे पूर्वापार जखमेवर लावतात याचे लेखी पुरावे दिले, आणि १९९७ साली ते पेटंट रद्द ठरले. मराठी माणसाने छाती फुगवावी अशीच ही गोष्ट आहे. मीही फुगवतो. पण पेटंट कशासाठी रद्द झाले? हळदीने जखम बरी होते हे सिद्ध झाले म्हणून नव्हे, आणि होत नाही म्हणूनही नव्हे. ते रद्द झाले ते त्यात नवे काही नाही म्हणून. 'हे आमच्याकडे जुनेच आहे' एवढेच तिथे सिद्ध करायचे होते, आणि ते झाले. आता जुने असणे आणि बरोबर असणे या एकच गोष्टी असत्या, तर आमच्या शाखेतला पंखा देशातला सर्वोत्तम ठरला असता.

हळदीत गुण आहेत, प्रयोगशाळेत त्यांचा अभ्यासही झाला आहे. मी हळदीचा शत्रू नाही. पिठले मलाही आवडते. पण प्रयोगशाळेतली हळद आणि आमच्या डब्यातली हळद या सख्ख्या बहिणी नव्हेत. डब्यातल्या हळदीत रोज भाजीचा ओला चमचा जातो. बाजारातल्या हळदीत पिवळेपणा यावा म्हणून शिशाचा रंग मिसळल्याचे प्रकार उघड झालेले आहेत. ते सगळे आपण उघड्या मांसात दाबून भरतो, वरून घट्ट बांधतो, आणि ती आत बसलेली पूड डॉक्टरला नंतर खरवडून काढावी लागते. जखम आत काय आहे ते तिला दिसू देत नाही, हा हळदीचा मोठा दोष. डॉक्टरला शाई सांडलेल्या पासबुकातली शिल्लक सांगायला लावण्यासारखे ते आहे.

बरे, परंपराच हवी असेल तर परंपरेतला थोरला माणूस घ्या. सुश्रुताने जखमेवर साठ उपचार सांगितले आहेत. साठ! आणि जखम शिवण्याआधी तिच्यातली धूळ, केस, कपचे काढून ती साफ करा, नाहीतर पिकेल, हे त्याने बजावले आहे. म्हणजे अडीच हजार वर्षांच्या आसपासच्या परंपरेचा कौल कोपऱ्यातल्या आठवीच्या पोराच्या बाजूने होता. आम्ही साठांपैकी एक उचलतो, तोही स्वयंपाकघरातला, आणि उरलेले एकोणसाठ सुश्रुताला साभार परत करतो.

सोमवारी मी पट्टी बांधून कामावर गेलो. रजा मागितली असती, पण अर्जात 'घरगुती सुतारकाम' असे कारण लिहिल्यावर साहेब म्हणाले, "बोटच आहे ना? आणि तेही डावंच?" चार दिवसांत वरून खपली धरली. आत्याने ती सर्व अकरा सभासदांना दाखवली. फक्त एक बारीकशी गोष्ट होती. मूठ मिटली की बाकीची तीन बोटे आत जात आणि तर्जनीचे टोक सरळच राही. जणू मी कायम कोणाला तरी दोष देतो आहे. मी म्हटले, सूज असेल. सगळे म्हणाले, सूजच आहे. 'सूज असेल' हा आपला दुसरा घरगुती उपाय. हळदीपेक्षा स्वस्त.

शुक्रवारी काउंटरवर एक म्हातारे बाबा आले. कडक कापडाची टोपी, हातात पासबुक, पेन्शन आली का बघायला. फटीतून त्यांचा हात आत आला आणि मी बघत राहिलो. तर्जनी सरळ. बाकीची बोटे आत आणि ती एकटी ताठ, माझ्यासारखीच. त्यांचेही लक्ष माझ्या पट्टीकडे गेले. म्हणाले, "काय लागलं साहेब?" मी सांगितले. ते हसले. "माझंबी असंच झालं व्हतं. खुरपं लागलं. तवा हळद भरली. आठ दिसांत बरं झालं बगा." आणि त्यांनी ते बरे झालेले बोट माझ्यासमोर धरले. किती वर्षे झाली? "झाली की तीस-बत्तीस." बत्तीस वर्षांत ते बोट एकदाही वाकले नव्हते. दूध काढताना, दोरी वळताना, भाकरी मोडताना ते मध्ये येत होते. पण त्यांच्या हिशेबी ते बरे झाले होते, कारण रक्त थांबले होते.

मला त्या क्षणी पोटात खड्डा पडल्यासारखे झाले. वीस वर्षे मी हे हात बघत होतो. ताठ राहिलेली बोटे, आकडा झालेली बोटे, कडबा कुट्टीने पेरभर नेलेली बोटे. अंगठ्याचा ठसा घ्यायला जावे तर यंत्र म्हणते, ठसा जुळत नाही. अशा प्रत्येक हाताला मी कधी तरी विचारले आहे, "काय झालं होतं?" आणि प्रत्येक हाताने एकच उत्तर दिले आहे, "काय न्हाय, बरं झालं." आपल्याकडे जखम बरी होते आणि हात जातो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्हाला कोणी सांगितलेलेच नाही.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई वयाने माझ्या भाचीएवढ्या. त्यांनी जखमेकडे नीट बघितलेही नाही. माझ्या बोटाचे मधले पेर चिमटीत सरळ धरले आणि म्हणाल्या, "आता फक्त टोक वाकवा." मी सगळी ताकद लावली. कपाळ वाकले, भुवया वाकल्या; टोक वाकले नाही. मग टोकाच्या दोन्ही बाजूंना कापूस फिरवून विचारले, "कळतंय?" एका बाजूला कळत होते, दुसऱ्या बाजूला बोट परक्याचे वाटत होते. दोन मिनिटांची तपासणी. हत्यार नाही, यंत्र नाही, खर्च शून्य. अकरा माणसे, सहा दिवस आणि पाच औषधे, पण 'बोट वाकवून दाखव' असे म्हणावेसे कोणालाही वाटले नव्हते.

बाईंनी समजावून सांगितले ते असे. बोट वाकवणारे मोठे स्नायू बोटात नसतातच. ते कोपराखाली हातात असतात. तिथून कंडरा नावाच्या दोऱ्या मनगटातून, तळव्यातून बोटापर्यंत येतात, आणि वरून ओढले की खाली बोट वाकते. मला हे लगेच समजले, कारण आमची शाखा अगदी अशीच चालते. ताकद सगळी मुख्य कार्यालयात; आम्ही नुसते वाकतो. माझी लिंक तुटली होती. प्रत्येक बोटाला अशा दोन दोऱ्या, एक मधल्या सांध्याची आणि एक टोकाची. माझी टोकाची तुटली होती आणि मधली शाबूत होती, म्हणून बोट अर्धे वाकत होते आणि आम्ही अर्ध्यावर समाधानी होतो. तुटलेल्या दोरीचे वरचे टोक आखडून तळव्याकडे मागे जाते. मोटेचा नाडा तुटला की मोट विहिरीच्या तळाला जाते, तसे. जितके दिवस जावेत तितके ते ओढून आणून जोडणे कठीण. आणि या सगळ्याला वरून दिसणारी जखम एक सेंटिमीटरची. 'एवढ्याशा' या शब्दाची लांबी वरून मोजायची नसते, खोलीने मोजायची असते.

धनुर्वाताचा प्रश्न निघाला. मी म्हटले, "पटाशी गंजकी होती." बाई म्हणाल्या, "गंजाला कशाला दोष देता? धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात, आणि हवा न लागणाऱ्या खोल जखमेत वाढतात." मला म्हशीखालचा तो पाला आठवला आणि तो हळदीकडून हरला याबद्दल मी प्रथमच हळदीचे आभार मानले. शेवटचे इंजेक्शन कधी घेतले? मी म्हटले, दहावीत. आमच्याकडे दोन पंथ आहेत. एक, गुलाबाचा काटा लागला तरी दर सहा महिन्यांनी टोचून घेणारा. दुसरा, दहावीतल्या टोचण्यावर जन्म काढणारा. लहानपणचे डोस पुरे झाले असतील तर स्वच्छ किरकोळ जखमेला दहा वर्षांपर्यंत आणि मळक्या, खोल जखमेला पाच वर्षांपर्यंत पुन्हा टोचावे लागत नाही, त्यानंतर टोचावे, इतका साधा तो हिशेब आहे. मुदत ठेवीचे व्याज ज्यांना तोंडपाठ असते, त्यांना ही मुदत का आठवू नये? पूर्वीच्या टीटीच्या जागी आता टीडी देतात, म्हणजे धनुर्वाताबरोबर घटसर्पाचेही संरक्षण. एकावर एक मोफत असूनही आपण घेत नाही, हे नवलच.

मग मिरजगावमार्गे नगर, पाऊणशे किलोमीटर. हाताचे काम प्लास्टिक सर्जन करतात हे कळल्यावर आत्या रडायला लागली, "बोट प्लास्टिकचं बसवणार?" मेव्हणीने पुण्याहून मोबाइलवर कर्जतमधला तज्ज्ञ शोधून पाठवला, तो अर्थातच रायगडातला निघाला. शेवटी नगरला शस्त्रक्रिया झाली. दोरी सापडली, जोडली. सहा आठवडे हाताला आधाराची पट्टी, आणि बारा आठवडे जड काही उचलायचे नाही. त्यातही बोट अजिबात हलवायचे नाही असे नाही. हलवायचे, पण सांगितले तेवढेच. जास्त हलवले तर दोरी तुटते, कमी हलवले तर चिकटते. असा समतोल मी आमच्या शाखेच्या ताळेबंदातही पाहिलेला नाही.

हिशेब सांगून टाकतो. वाचवले ३०० रुपये. गेले प्रवासासकट ५४,०००. विम्याने काही दिले. उरलेला भाग घसारा म्हणून माझ्या अंगावर. सुताराने ड्रॉवर नंतर दुरुस्त केला. त्याने आता ३५० घेतले. रक्ताने लाकूड फुगले होते म्हणाला.

आता कोणी म्हणेल, तुम्ही पगारी माणूस, तुम्हाला डॉक्टर परवडतो. मजुरी बुडवून पाऊणशे किलोमीटर कोण जाणार? हा आक्षेप मला मान्य आहे, आणि हाच खरा आक्षेप आहे. हळद भरणारी माणसे मूर्ख नाहीत. जवळ काही नसेल तेव्हा जे हाताशी आहे ते माणूस वापरतो. हाताचा तज्ज्ञ तालुक्याच्या गावी असावा ही मागणी मी जरूर करतो. शेतातले यंत्र हात नेते हे सरकारलाही ठाऊक आहे. मळणीयंत्रांसारख्या यंत्रांवर बंधने घालायला आणि हात गेलेल्याला भरपाई द्यायला धोकादायक यंत्रांचा कायदा १९८३ सालीच झाला. जपानमध्ये कोमात्सु आणि तामाई या डॉक्टरांनी १९६५ साली पूर्ण तुटलेला अंगठा परत जोडून दाखवला. म्हणजे जगात ज्ञान आहे, देशात कायदा आहे. अडते ते घटना घडल्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत, आणि ती दहा मिनिटे तज्ज्ञाच्या नव्हे, आपल्या ताब्यात असतात.

त्या दहा मिनिटांना पैसे लागत नाहीत. स्वच्छ कापडाने जोरात दाबून धरा आणि हात वर करा. रक्त आवरले की साबण आणि भरपूर वाहते पाणी. नळ आला नसेल तर हंड्यातले पिण्याचे पाणी ओता. हंडा पुन्हा भरतो, बोट पुन्हा येत नाही. सूज चढायच्या आत अंगठी काढा. जखमेत काहीही भरू नका. मग बोटाचा प्रत्येक सांधा वाकवून बघा आणि टोकाला स्पर्श कळतो का ते बघा. वाकत नसेल, कळत नसेल, जखम खोल असेल, मळकी असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि देव न करो, पेरच तुटून पडले, तर ते ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. पेर थेट बर्फात नको, आणि कृपा करून हळदीत तर नकोच.

एवढे सांगायला डॉक्टर कशाला हवा, आठवीतला मुलगा पुरतो. आपण फक्त त्याला बोलू द्यायला हवे. घरातल्या वडीलधाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे की, दुसऱ्याचे रक्त दिसल्यावर आपले ज्ञान दहा मिनिटे दाबून धरा. दाबाने रक्त थांबते. ज्ञानही थांबायला हरकत नाही.

आज माझे बोट बारा आणे वाकते. नोटा मोजायला यंत्र आहे, पण दिवाळीत नव्या नोटांची गड्डी हातावर फिरवण्याचे सुख चार आणे कमी झाले. ते पेन्शनवाले बाबा परवा पुन्हा आले होते. मी माझे बोट वाकवून दाखवले. त्यांनी आपल्या बोटाकडे पाहिले, बराच वेळ पाहिले, आणि म्हणाले, "आम्हाला कुणी म्हनलंच न्हाय वाकव म्हणून." यावर माझ्याकडे विनोद नव्हता. मी पासबुक भरून दिले.

घरी आता प्रथमोपचाराची पेटी आहे. तिच्यात साबण, निर्जंतुक पट्ट्या, चिकटपट्टी आणि कात्री. गेल्या आठवड्यात उघडली तर आत एक पुडी सापडली. आत्याने हळूच ठेवलेली. मी ती काढून टाकली नाही. वयाला मान द्यावा लागतो. वरून एक चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहिले, 'फक्त भाजीसाठी'.